पडदे काढलेला बास

चरणजित सिंग हे मुंबईच्या सिनेमा-स्टुडिओंत बास गिटार वाजवणारे वादक. गरज पडेल तसं गिटार, ट्रान्झिकॉर्ड (विजेचं अकॉर्डियन), सिंथेसायझर असं काहीही ते वाजवत. १९८२ साली त्यांनी स्वतःच्या नावावर एक एलपी केली. दहा राग, डिस्कोच्या ठेक्यावर, तबल्याशिवाय. आणि या मुरलेल्या बासवाल्याने स्वतःच्या रेकॉर्डवर बास गिटार घेतलीच नाही. बासचं काम त्यांनी रोलँड या जपानी कंपनीच्या टीबी-३०३ नावाच्या चंदेरी डबीवर सोपवलं.

ही डबी १९८१ साली बाजारात आली होती. एकट्या गिटारवाल्याला घरी सराव करताना साथीला बास मिळावा, एवढाच तिचा हेतू. सिंग यांनी ती सिंगापूरहून आणली. बास गिटारची नक्कल म्हणून डबी साफ फसली. तिचा आवाज बाससारखा येतच नाही. १९८४च्या सुमारास रोलँडने ती बंद केली. पण तिच्यात एक बटण होतं, ‘स्लाइड’. ते लावलं की एक स्वर तुटून दुसरा लागत नाही, पहिला घसरत दुसऱ्यावर जातो. भैरवी किंवा तोडी बसवणाऱ्या माणसाला नेमकं तेच हवं होतं. बास गिटारच्या दांडीवर धातूचे पडदे ठोकलेले असतात. त्यावर बोट सरकवलं तर पायऱ्या ऐकू येतात. राग मागतो ती मींड. सिंग यांनी ती यंत्रातून काढली.

रेकॉर्ड फारशी विकली गेली नाही. पाच वर्षांनी, १९८७ साली, शिकागोत त्याच डबीच्या जोरावर ‘ॲसिड हाउस’ नावाचा प्रकार जन्मला. २०१०मध्ये सिंग यांची एलपी परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा लोक चकित झाले की हे मुंबईत आधीच कसं झालं. सिंग २०१५ साली वारले. त्यांच्यावर लिहिताना बहुतेक जण ‘ॲसिड हाउसचा आद्य पुरुष’ म्हणून थांबतात. मला त्यांच्यात एक वेगळाच माणूस दिसतो: पडद्यांना कंटाळलेला बासवाला. आणि त्या काळात तसा कंटाळलेला तो एकटाच नव्हता.

बासला पडदे लावले तेच मुळी सोय म्हणून. १९५१ साली लिओ फेंडरने विजेवरचा बास बाजारात आणला आणि त्याचं नाव ‘प्रिसिजन’ ठेवलं, कारण पडदे असल्यामुळे सूर अचूक लागणार होता. त्याआधीचा बास म्हणजे माणसाच्या उंचीचा डबल बास, आणि त्याला पडदे नव्हते. आपल्या सिनेमा-संगीतातही तो होता. गोव्याहून आलेल्या वादकांनी तो स्टुडिओंत उभा राहून वाजवला. म्हणजे मुंबईला बिनपडद्याचा बास परका नव्हता. साठच्या आणि सत्तरच्या दशकांत विजेची बास गिटार आली, टोनी वाझसारखे वादक आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात ती वाजवू लागले, आणि डबल बास मागे सरला. विजेच्या बासमध्ये ठोका होता, नेमकेपणा होता आणि मुख्य म्हणजे मायक्रोफोनची कटकट नव्हती. गेली ती घसरण.

तिकडे अमेरिकेत उलटं चाललं होतं. ॲम्पेगने १९६६ साली आणि फेंडरने १९७० साली बिनपडद्याचे विजेचे बास काढले होते, पण त्यांची फार दखल कोणी घेतली नाही. दखल घ्यायला लावली ती फ्लोरिडाच्या जॅको पास्टोरियसने. १९६२ सालच्या फेंडर जॅझ बासचे पडदे काढलेले, खाचा लाकडी लांबीने बुजवलेल्या आणि वरून बोटीला लावतात तसलं इपॉक्सी चढवलेलं. इपॉक्सी का? तो गोल वळणाच्या खरखरीत तारा वापरायचा, आणि त्या तारा उघडं लाकूड खाऊन टाकतात. कडक थरामुळे लाकूड वाचलं आणि शिवाय स्वर लांब टिकू लागला. १९७६ साली त्याची स्वतःची पहिली रेकॉर्ड आली, १९७७ साली तो ज्यात वाजवत होता त्या वेदर रिपोर्ट बँडची ‘हेवी वेदर’. १९८७ साली तो गेला तेव्हा पस्तिशीचा होता.

पेडलांच्या, म्हणजे आवाज बदलणाऱ्या पायाखालच्या डब्यांच्या, मागे लागलेल्यांनी एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. जॅकोच्या ‘कंटिन्युअम’मध्ये बास जो लहरतो, तो कोरस पेडलमुळे नव्हे, त्याने तो भाग दोनदा वाजवून एकावर एक ठेवला होता. पेडलने पुढे त्याची स्वस्तातली सोय केली.

कोरसचं काम समजायला गणपतीची आरती पुरते. वीस माणसं एकच चाल म्हणतात. कोणी किंचित मागे, कोणी किंचित वर, आणि त्या बारीक फरकांतूनच आवाज भरल्यासारखा वाटतो. पेडलमध्ये माणसं दोनच असतात. मूळ स्वर एक, आणि काही मिलिसेकंद उशिरा येणारी त्याची प्रत दुसरी. हा उशीर सतत हळूहळू कमीजास्त होतो, म्हणून प्रतीचा सूरही किंचित वरखाली हेलकावतो. उशीर घडवणारी चिप विजेचा भार एका खणातून पुढच्या खणात ओतत नेते. बादल्यांची साखळी लावून आग विझवतात तशी, म्हणून तिला ‘बकेट ब्रिगेड’ म्हणतात. कल्पना १९६९ सालची, फिलिप्सच्या प्रयोगशाळेतली. पुढे जपानमध्ये मात्सुशिताने अशा चिपा मोठ्या प्रमाणावर बनवल्या. बॉसच्या १९७९ सालच्या निळ्या सीई-२ पेडलात त्यातलीच १०२४ खणांची चिप बसलेली आहे.

बॉस म्हणजे रोलँडचंच भावंड. ज्या घराण्यातून चरणजित सिंगांची डबी आली, त्याच घराण्याने १९८२ साली ओसी-२ नावाचं तपकिरी ऑक्टेव्ह पेडल काढलं. वाजवलेल्या स्वराच्या कंपनांना ते दोनने भागतं, हवं तर चारने. म्हणजे तोच स्वर एक सप्तक किंवा दोन सप्तकं खाली, मूळ स्वराच्या बरोबरीने. आतलं तर्कशास्त्र अगदी साधं आहे. कंपन आलं की खटका चालू, पुढचं आलं की बंद. पण एका वेळी एकच स्वर त्याला कळतो. दोन तारा एकत्र छेडल्या की ते गडबडतं, आणि स्वर फार खालचा असला तरीही अडखळतं. बासची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सुमारे ४१ हर्ट्झ. तिचं अर्धं म्हणजे २० हर्ट्झच्या आसपास, जिथे माणसाचा कानच संपतो. तिथे पेडलने तरी काय करावं?

वेल्समधल्या कार्डिफच्या पिनो पॅलाडिनोने याचं उत्तर पेडलात न शोधता हातात शोधलं. १९८३च्या जुलैत इंग्लंडमध्ये पॉल यंगचं ‘व्हेअरएव्हर आय ले माय हॅट’ पहिल्या क्रमांकावर गेलं. गाणं मार्विन गेचं, १९६२ सालचं. पण यंगच्या आवृत्तीत लोकांच्या कानात राहिला तो सुरुवातीलाच गाऊ लागणारा बास. पॅलाडिनोच्या हातात १९७९ सालची बिनपडद्याची म्युझिक मॅन स्टिंगरे होती. तो दांडीवर वर, बारीक तारांवर, गाण्याच्या चालीसारखी चाल वाजवतो, आणि ओसी-२ त्या चालीखाली सप्तकभर खोल जमीन घालतं. वरचा स्वर दीडशे-दोनशे हर्ट्झचा असेल तर त्याचा अर्धा बासच्या नेहमीच्या पट्ट्यात पडतो, आणि पेडलही चुकत नाही. एकटा माणूस एकाच वेळी बासही धरून होता आणि गायकाशी बोलतही होता. पुढची काही वर्षं लंडन-अमेरिकेतल्या निर्मात्यांना प्रत्येक गाण्यात तसलाच बास हवा होता. त्यातलं बरंच काही आज ऐकताना गोडगोड वाटतं, हे मी कबूल करतो. पण पॅलाडिनोने डॉन हेन्लीच्या ‘सनसेट ग्रिल’मध्ये १९८४ साली वाजवलेला बास अजून शिळा झालेला नाही.

‘ऐंशीच्या दशकाचा फ्रेटलेस’, म्हणजे बिनपडद्याचा बास, म्हणून एकच आवाज समजणं मात्र चूक. जपान नावाच्या ब्रिटिश बँडचा मिक कार्न हा दुसऱ्याच टोकाचा माणूस. जन्म सायप्रसचा, संगीताचं रीतसर लेखन-वाचन कधी न शिकलेला. १९८१ सालच्या ‘टिन ड्रम’मध्ये त्याचा वॉल कंपनीचा बास आडवातिडवा घसरत जातो, स्वरांच्या मधल्या जागांत मुद्दाम रेंगाळतो. कानाला तो आपल्याकडचा कोणी वाजवतोय असा भास व्हावा, इतका. त्या आवाजाचं बरंचसं श्रेय बोटांना आणि लाकडाला जातं. पेडलांची यादी घेऊन कार्नच्या मागे जाणाऱ्याला फारसं काही हाती लागणार नाही.

आता इकडे या. मार्च १९८० मध्ये द पोलीस हा बँड मुंबईत वाजवून गेला. टाइम अँड टॅलेंट्स क्लब या बायकांच्या संस्थेने तो कार्यक्रम घडवून आणला होता. त्यांचा बासवाला स्टिंग त्याच सुमारास बिनपडद्याच्या बासकडे वळत होता. १९७८ पासून निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने जॅझ यात्रा भरत होती. म्हणजे मुंबईच्या कानांवर हे आवाज पडतच नव्हते असं नाही. हातात मात्र पडत नव्हते. परदेशी इलेक्ट्रॉनिक वस्तूंवरची जकात वस्तूच्या किमतीलाही मागे टाकणारी, आयातीचे परवाने वेगळेच. १९९१ पर्यंत पेडल ‘निवडणं’ हा शब्दच इथे गैरलागू होता. आखातातून येणारा भाऊ, बोटीवरचा ओळखीचा खलाशी किंवा मनीष मार्केटातला दुकानदार जे आणेल ते आपलं. कोणाकडे फेझर नावाचं पेडल आलं म्हणून तो फेझरवाला झाला.

मुंबईबाहेर, अंबरनाथच्या बुवापाड्यासारख्या वस्तीत, हे आणखी एक पायरी खाली. बुवापाडा अंबरनाथच्या पश्चिमेला. ऑर्डनन्स फॅक्टरी, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, विमकोचा काडेपेट्यांचा कारखाना आणि एमआयडीसी यांच्या भोंग्यांवर तेव्हा अंबरनाथ चालायचं. पलीकडे उल्हासनगर, जिथे फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि कोणत्याही वस्तूची नक्कल करण्यात वाकबगार झाले. व्हीटीपर्यंत लोकलने साठेक किलोमीटर. इकडे नवं संगीत पोचायचं ते कॅसेटने, टू-इन-वनवर. त्या टू-इन-वनच्या चार इंची स्पीकरमधून ४० हर्ट्झ ऐकू येणं शक्यच नाही. साध्या बास गिटारचा तिथे नुसता ठक्-ठक् उरतो. बिनपडद्याचा बास मात्र अशाही स्पीकरवर उठून दिसतो, कारण त्याची सगळी जादू मधल्या पट्टीत असते. बोटाखालची तार लाकडाला अगदी निसटती भिडत राहते, आणि छेडल्यानंतर क्षणभराने वरचे स्वरांश फुलून येतात. आघात मऊ, नंतर ‘म्वाऽ’. इंग्रजीतले वादकही त्याला असंच काहीतरी तोंडी नाव देतात.

गणेशोत्सवात कॉलनीच्या मैदानावर, चाळींच्या गल्ल्यांत ऑर्केस्ट्रा यायचे. तिथेही जपानी यंत्र आलंच होतं. १९८५ साली रोलँडने ऑक्टोपॅड काढला, आणि आपल्या ऑर्केस्ट्रात तो असा काही रुजला की आजही ढोलकी-तबल्याच्या बाजूला तो नसेल तर बुकिंगवाला विचारतो. त्याच्याही कितीतरी आधीची गोष्ट बेंजोची. मिरवणुकीत वाजणारा आपला बेंजो, म्हणजे बुलबुलतरंग, १९१२च्या सुमारास नागोयात निघालेल्या ताइशोगोतो नावाच्या वाद्याचा वंशज. टाइपरायटरसारखी बटणं दाबून वाजवायचं वाद्य. मींड नाही, पण गल्लीच्या टोकापर्यंत आवाज. बुवापाड्यात, उल्हासनगरात, सगळ्या ठाणे जिल्ह्यात हा बेंजो पिकअप लावून, इको लावून वाजतो. वाद्याला पेटी जोडून त्याचा आवाज बदलणं यात आपल्या माणसाला नवल कधीच वाटलं नाही.

मग फ्रेटलेस बासच का रुजला नाही? जकात, पैसा ही कारणं खरी, पण अपुरी वाटतात. ऑक्टोपॅड काही स्वस्त नव्हता. तो आला, कारण त्याची गरज होती. घसरणाऱ्या खर्जाची गरज आपल्याकडे आधीच भागलेली होती. तबलजी डग्ग्यावर मनगट दाबून पुढे सरकवतो तेव्हा जो आवाज वर चढत जातो, तो बासच्याच पट्ट्यातला घसरता स्वर असतो. लावणीच्या ढोलकीचा घुमारा तर मुळात घसरणीवरच जगतो. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांत रणजित गझमेर यांचा मादल आला, तोही सुरात बोलणाराच. वर ढोलकी घुमत असताना खाली बास गिटारही घसरू लागली तर दोघांची नुसती मारामारी. म्हणून ऑर्केस्ट्रातल्या बासवाल्याला एकच काम: षड्ज धर, पंचम धर, ठेक्याला चिकटून राहा. नंतर तेही कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताकडे गेलं, आणि कुठे घसरायचंच असेल तर पिच-बेंडचं चाक होतं. चरणजित सिंगांनी घसरता बास आणला तेव्हा त्यांनी आधी तबला बंद केला, ही गोष्ट मला योगायोगाची वाटत नाही.

मुंबईत तालवाद्यांनी बासला जागा करून दिली ती नंतर, फ्यूजनमध्ये. लुई बँक्स यांच्या सिल्क या चमूत शंकर महादेवन गात, शिवमणी तालवाद्यांवर आणि कार्ल पीटर्स बासवर. नव्वदच्या दशकात ए. आर. रहमान यांच्या गाण्यांमागे चेन्नईच्या कीथ पीटर्स यांचा बास आला. तिथे तालाच्या थरांत मुद्दाम पोकळी ठेवलेली असायची आणि बास त्या पोकळीत बोलायचा. गाडीत, हेडफोनवर, घरी बऱ्या स्पीकरांवर लोकांना प्रथमच कळलं की आपण आजवर बास ऐकत होतो तो निम्माच.

तर आज बुवापाड्यातल्या एखाद्या पोराला पॅलाडिनोचा १९८३चा तो आवाज हवा असेल, तर पैसे कशावर घालावे? ऑनलाइन सगळं मिळतं आणि हीच मोठी अडचण आहे. पॅलाडिनोचा तो आवाज मोजक्याच डब्यांवर उभा होता. आज एका प्रोसेसरमध्ये शंभर असतात, आणि शंभरांतून तो आवाज निघत नाही.

पहिला खर्च पेडलांवर नकोच. जुनी बास घेऊन पडदे काढून घ्यायचे असतील तर सुताराकडे न देता गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे द्यावी. खाचांत पातळ लाकडी पट्ट्या बसल्या पाहिजेत, दांडी जवळजवळ सरळ आणि तारा लाकडाच्या अगदी जवळ. एवढं नीट झालं की ‘म्वाऽ’ पेडलाशिवाय येतो. हे नीट नसेल तर कोणतंही पेडल तो आणू शकत नाही.

मग ऑक्टेव्ह. ओसी-२ बॉसने २००३ साली बंद केलं. जुनी मिळतात, भाव चढलेले. २०२० सालच्या ओसी-५ मध्ये जुन्या पद्धतीची एक रीत ठेवली आहे, ती पुरेशी आहे. खालच्या सप्तकाचा नॉब अर्ध्याच्या पुढे नेऊ नये. चाल सातव्या पडद्याच्या वर, म्हणजे जिथे पडदा असता त्याच्या वर वाजवावी. हे पेडल साखळीत पहिलं, कारण त्याला कोरा, स्वच्छ स्वर लागतो. कॉम्प्रेसर, म्हणजे आवाजाचे चढउतार दाबून सारखे करणारं पेडल, त्याच्या आधी की नंतर यावर वादकांत भांडणं आहेत. मी नंतरच्या बाजूचा. कॉम्प्रेसर हळू दाबला तर शेपटी लांबते, जोरात दाबला तर बोटाचा पहिला स्पर्शच मरतो, आणि फ्रेटलेसमध्ये तो स्पर्शच अर्धं गाणं असतो.

कोरस शेवटी, आणि सर्वांत कमी. गिटारसाठी बनवलेला सीई-२ बासला लावला की खर्जही हेलकावायला लागतो आणि पायच डळमळतो. म्हणून १९८७ साली बॉसने बाससाठी वेगळा सीई-२बी काढला. गती मंद, खोली इतकी की बंद केल्यावरच तो होता हे कळावं. कोरस सतत चालू ठेवणारे वादक बहुधा सुराची चूक झाकत असतात. बेसूर फ्रेटलेसवर कोरस टाकला की चूक पसरट होते, दिसत नाही. पण ऐकणाऱ्याला काहीतरी बिघडलंय एवढं कळतंच. त्यापेक्षा तानपुऱ्याच्या ॲपवर षड्ज लावून रोज अर्धा तास बोटं सरकवावीत.

जुनं पेडल घेतलंच, तर त्याच्या तळाशी किंवा वीज जोडायच्या खाचेजवळ ‘एसीए’ लिहिलंय का ते बघून घ्यावं. त्या काळची ही पेडलं वेगळ्या, जास्त दाबाच्या अडॅप्टरसाठी होती. आजचा ९ व्होल्टचा अडॅप्टर एकट्याला जोडला की दिवा मंद लागतो, आवाज अशक्त येतो, आणि लोक पेडल खराब म्हणून परत करतात. त्याच अडॅप्टरवर एखादं नवं ‘पीएसए’ पेडल सोबत जोडलं की जुन्याला पुरेशी वीज मिळते. नाहीतर सरळ ९ व्होल्टची बॅटरी घालावी. तिच्यावर गुणगुणही येत नाही, आणि आपल्याकडच्या मंडपातल्या वायरिंगचा विचार करता ते कमी नाही.